न दिसणारी भिंत

"पंपिंग किती निघालं?" इकोच्या खोलीतून बाहेर आलेल्या माणसाला नातेवाईक आधी हेच विचारतात, मग ती अमरावतीची राजापेठ असो की अकोल्याची रामदासपेठ. उत्तर टक्क्यांत येते. त्यावर औषध ठरते, नागपूर गाठायचे की नाही तेही ठरते. हा टक्का निघतो एका रेषेवरून: डाव्या जवनिकेच्या आतल्या भिंतीची कड, हृदय फुगलेले असताना एकदा आणि आकसलेले असताना एकदा. ती रेषा आता यंत्र आखू लागले आहे. त्याला हे कितपत साधले, याचा हिशेब वऱ्हाडात बसून मांडायला हवा.

साध्या टूडी इकोत दोन छेदांवरून साऱ्या कप्प्याचे आकारमान काढतात, मधला भाग एकावर एक रचलेल्या चकत्यांचा आहे असे धरून. झटक्यानंतर भिंतीचा एखादाच तुकडा निकामी झाला, टोकाशी फुगवटा आला, की हे गृहीतक ढासळते. त्रिमिती इकोत पूर्ण कप्पाच समोर येतो. पण त्यात हाताने कड काढत बसायला कोणत्या ओपीडीत वेळ आहे?

१९८७ साली कास, विटकिन आणि तेर्झोपुलोस यांनी 'साप' मांडला: चित्रातल्या कडेकडे सरकत जाऊन तिला चिकटणारी लवचीक रेषा. इकोत हा साप भरकटतो. चित्र दाणेदार, आणि जी भिंत ध्वनिलहरींना समांतर असते ती प्रतिध्वनी फारसा परत पाठवतच नाही. बाजूची भिंत अर्धीअधिक गायब होते. म्हणून कूट्स आणि टेलर यांच्या वाटेने जाणाऱ्यांनी यंत्राला आधी हृदयाचा सरासरी आकार शिकवला. २०१५ च्या यू-नेट या न्यूरल जाळ्यानंतर हे शिक्षण थेट चित्रांतूनच होऊ लागले. प्रगती खरी आहे आणि मला तिचे कौतुक आहे. पण भिंत दिसत नाही तिथेही यंत्र रेषा तोडत नाही, शिकलेल्या हृदयांच्या आधाराने ती पुरी करते. माझा आक्षेप इथे आहे. ती हृदये कोणाची?

२०१४ साली बॉस्टनला अशा तंत्रांची 'सीटस' ही स्पर्धा झाली. तिच्यात युरोपातल्या तीन रुग्णालयांतल्या ४५ जणांची त्रिमिती चित्रे होती: १५ निरोगी, १५ झटका येऊन गेलेले, १५ हृदय फुगून अशक्त झालेले. सर्वांत सरस पद्धतीची रेषा तज्ज्ञांच्या रेषेपासून सरासरी सव्वादोन-अडीच मिलीमीटर दूर राहिली. निरोगी भिंतीची जाडीच ६ ते १० मिलीमीटर असते. शिवाय सरासरीत टोकाकडची मोठी चूक बुडून जाते, आणि झटक्याचे रुग्ण तपासताना नेमके टोकच पाहायचे असते.

संधिवाताच्या तापाने झडप आकसलेल्यांचा गट त्यात नव्हता. आपल्याकडे असे रुग्ण अजून येतात, आणि त्यांतल्या अनेकांचे ठोके अनियमित असतात. त्रिमितीचे मोठे चित्र बहुधा सलग काही ठोक्यांचे तुकडे शिवून बनते. ठोका चुकला की शिवण सरकते, भिंतीत खोटी पायरी दिसते, आणि यंत्र ती पायरीही इमानाने आखते. त्यात भारतीयांची जवनिका मुळात लहान. अनेक देशांत मिळून झालेल्या मोजणीतही तसेच आढळले.

नांदेडने डोळ्यांच्या बाबतीत वाट दाखवली आहे. तिथल्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेच्या संशोधकांनी नांदेडच्याच नेत्रचिकित्सालयातली, मधुमेहींच्या दृष्टिपटलाची ५१६ चित्रे २०१८ साली जगापुढे ठेवली. त्यांतल्या ८१ चित्रांवर दोषांच्या अगदी बारीक खुणा केलेल्या होत्या. जगभरच्या गटांनी आपापली तंत्रे त्यावर तपासून घेतली.

अकोल्याहून नांदेडला थेट रेल्वे आहे. तशाच संचासाठी शे-दोनशे वऱ्हाडी हृदयांची चित्रे हवीत, संमतीने, नाव-गाव काढून, झडपेचे रुग्ण धरून. प्रत्येकावर दोन तज्ज्ञांनी एकमेकांचे न पाहता रेषा आखावी. त्या जिथे जुळणार नाहीत त्या जागाही पुसू नयेत, नोंदवून ठेवाव्यात. यंत्राने थांबून डॉक्टरांना विचारायचे ते तिथेच.