माशी आजारी नव्हतीच

‘आजारी मधमाशी मठ्ठ होते’ असे वाक्य विज्ञानविषयक भाषणांत अधूनमधून ऐकू येते. वाक्य सुटसुटीत आहे. परंतु ज्या प्रयोगांच्या आधारे ते केले जाते, ते प्रयोग वेगळेच काही सांगतात.

मूळ प्रयोग मॅलन, ब्रोकमन व श्मिड-हेम्पेल यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. मधमाशीच्या शृंगिकेला साखरपाणी लागले की ती सोंड बाहेर काढते. एखाद्या वासापाठोपाठ साखरपाणी देत गेल्यास पुढे नुसत्या वासानेही सोंड बाहेर येते. म्हणजे माशी शिकली. ज्या माश्यांना जिवाणूंच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ टोचला होता, त्या हा संबंध शिकण्यात कमी पडल्या.

या प्रयोगाचे मोल टोचलेल्या पदार्थात आहे. जिवंत जंतू टोचले असते, तर शिकणे जंतूमुळे बिघडले की माशीच्या स्वतःच्या प्रतिकारामुळे, हे सांगता आले नसते. येथे जंतू नाहीच. फक्त प्रतिकारयंत्रणा जागी होते. दोन गुंतलेली कारणे वेगळी कशी करावीत, याचा हा वर्गात सांगण्याजोगा नमुना आहे. मात्र म्हणूनच ‘आजारी माशी’ हा शब्दप्रयोग चुकतो. ती माशी आजारी नव्हतीच.

‘मठ्ठ’ हा शब्दही टिकत नाही. रिडेल व मॅलन यांनी २००६ साली बंबलबी या केसाळ माशीवर असेच काम केले. शिकण्यातील घट परागकणांविना, म्हणजे प्रथिनांविना ठेवलेल्या माश्यांतच दिसली. प्रतिकारासाठी लागणारी सामग्री अन्यत्र कमी पडते, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते. ते पटण्याजोगे आहे, पण एवढ्याने सिद्ध होत नाही. २००८ साली मोकळेपणी उडणाऱ्या बंबलबींवर कृत्रिम फुले वापरून प्रयोग झाला; त्यातही प्रतिकार जागा झालेल्या माश्या सावकाश शिकल्या. तेव्हा प्रश्न केवळ नळीत अडकवलेल्या माशीचा नाही, हेही मान्य करावे लागते.

आणखी एक मर्यादा आहे. हे प्रयोग आपल्या सातेरीवर झालेले नाहीत. हरसूल परिसरात भर पावसाळ्यात सातेरीला फुलोऱ्याची चणचण असते, आणि पाऊस ओसरल्यावर खुरासणीची शेते पिवळी होतात. प्रथिनांचा प्रश्न खरा असेल, तर या दोन ऋतूंत एकाच वसाहतीतील माश्यांचे उत्तर वेगळे यायला हवे. तपासण्याजोगा प्रश्न हा आहे.

या प्रयोगांवरून मुलांविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा. माशी हे मूल नव्हे. पण शिस्त मात्र उचलावी. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणणे म्हणजे कारण न शोधता निष्कर्ष लिहिणे. त्याला ताप होता का, तो सकाळी जेवून आला होता का, हे आधी विचारायला हवे.