ओवीची सवड

बहिणाबाई चौधरींविषयी (१८८०–१९५१) आपण कौतुकाने म्हणतो, की त्यांच्या कवितेला सवड लागलीच नाही. जात्यावर, शेतात, काम करता करता ती सुचली. मीही तसेच म्हणत आलो. आज ते मला अर्धेच खरे वाटते. घरोटाच्या घरघरीने ओवीला लय दिली, हे खरेच. पण बाईंना अक्षरओळख नव्हती. पुत्र सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनी जेवढे टिपले, तेवढेच १९५२ साली संग्रहरूपाने आपल्या हाती आले. पुष्कळसे हवेतच विरले असणार. गाणे कष्टांतही जन्मते. टिकण्यासाठी मात्र कोणाची तरी सवड खर्ची पडावी लागते. अशी सवड किती जात्यांपाशी पोचलीच नाही, याचा हिशेब आम्हां टीकाकारांच्या कौतुकात कुठे आहे?