वऱ्हाड आणि कुऱ्हाड

कांहीं म्हणींचें असें असतें कीं, त्यांचा अर्थ कोणी विचारीत नाहीं तोंवर त्या सर्वांच्या तोंडीं सुखानें नांदतात. अर्थ विचारला कीं भाऊबंदकी सुरू होते. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही अशांपैकींच एक. पुण्या-मुंबईच्या वाचकांस ती शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकांतून किंवा एखाद्या वऱ्हाडी मित्राच्या तोंडून ऐकून ठाऊक असेल. तिकडचा प्रदेश मोठा सुपीक, एवढा अर्थ घेऊन ते पुढें जातात. परंतु ज्यांच्याविषयीं ही म्हण आहे त्यांच्यांत तिच्या अर्थाविषयीं, आणि त्याहूनहि अधिक तिच्या हक्काविषयीं, एकमत नाहीं. ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली ती बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाला, लोणारास.

तेथें एका निवृत्त शिक्षकांच्या घरीं जेवणें झाल्यावर आम्ही ओसरीवर बसलों होतों. त्यांचा भाचा खामगांवाकडून आला होता. बोलतां बोलतां आम्हीं ही म्हण उच्चारली. त्याबरोबर भाचा हंसून म्हणाला, "मामा, तुमचं इकडचं कसलं वऱ्हाड? घाट चढला कीं वऱ्हाड संपलं." मामा सुपारी कातरीत होते. ते म्हणाले, "तुझी आई याच घरची लेक. घाट उतरून गेली म्हणून ती वऱ्हाडीण झाली, आणि मी वर राहिलों म्हणून मी कोण झालों रे?" आणि क्षणभर थांबून, "सोनं तुमच्या वाट्याला गेलं. कुऱ्हाड तेवढी आमच्याकडं राहिली." येथें वाद मिटावा, तों आंतून पाण्याचा तांब्या घेऊन आलेली सून म्हणाली, "मामाजी, तुम्ही घाटावरचे आणि घाटाखालचे भांडतां. पण माझ्या माहेराला दोघंहि मिळून मोगलाई म्हणतां, त्याचं काय?" तिचें माहेर मंठ्याचें, म्हणजे जालना जिल्ह्यांतलें. त्यावर मामा कांहीं बोलले नाहींत.

या तीन वाक्यांत तीन टोपणनांवें आलीं आणि तिन्हींना कांटे आहेत.

घाटाची गोष्ट आधीं पाहूं. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव, जळगांव जामोद हा पूर्णा नदीच्या खोऱ्याचा भाग घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगांव राजा हा घाटावरचा. मोगल व निजामी अमदानींत वऱ्हाडाचे 'पायनघाट' आणि 'बालाघाट' असे जे दोन विभाग करीत, तेच हे. तेव्हां बालाघाट हाहि वऱ्हाडच होता, असें मामा दप्तरांतून सिद्ध करूं शकतात. पण म्हण दप्तरांत जन्मलेली नाहीं. तिच्यांतलें सोनें म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यांतली खोल काळी माती, आणि त्या मातींतला कापूस. 1861 ते 1865 या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं भाव आला. 1870 साली खामगांवच्या कापसाच्या बाजारासाठीं जलंबहून आगगाडीचा फांटा काढण्यांत आला. लोणारास आगगाडी आली नाहीं. वरची जमीन कोठें बरी, कोठें मुरमाड. भाच्याच्या बोलण्यांत उर्मटपणा असला तरी त्याच्या पायाखालीं काळी माती आहे, हें मान्य केलें पाहिजे.

आतां जुन्या ग्रंथांकडे वळलें तर भाच्याला आणखी एक आधार सांपडतो. महानुभावांच्या आचारबंदांत महाराष्ट्राची जी खंडमंडळें सांगितलीं आहेत, त्यांत फलटणापासून दक्षिणेकडचें एक, त्याच्या उत्तरेस बालेघाटाच्या शेवटापर्यंत एक, गोदेचे दोन्ही तीर मिळून एक, तेथून मेहकरच्या घाटापर्यंत एक, आणि तेथून पुढें सगळें वऱ्हाड हें एक, असा क्रम येतो. मेहकरचा घाट ही सीमा ठरली म्हणजे लोणार कोठें पडतें, तें नकाशा न पाहतांहि कळेल. ज्या लोणारास चक्रधरस्वामींचें वास्तव्य झाल्याचें लीळाचरित्र सांगतें, तें स्वामींच्याच अनुयायांच्या हिशेबीं वऱ्हाडाबाहेर राहतें! उलट आईन-इ-अकबरींत मेहकर हें वऱ्हाड सुभ्यांतलेंच एक सरकार आहे, आणि लोणारच्या वर्णनांत ब्राह्मण त्यास विष्णुगया म्हणतात, तेथील क्षारापासून कांच व साबण होतो, असें आलें आहे. म्हणजे तेराव्या शतकाच्या परंपरेनें भाचा जिंकतो, सोळाव्या शतकाच्या दप्तरानें मामा. एका सीमारेषेच्या दोन्ही अंगांस असे साक्षीदार उभे असतां 'खरें वऱ्हाड कोणतें' हा प्रश्न इतिहासाला विचारण्यांत अर्थ नाहीं.

व्युत्पत्तीची तीच स्थिति. आईन-इ-अकबरींत 'वरदातट', म्हणजे वर्धा नदीचा तीर, असें मूळ दिलें आहे. कोणी विराट राजाकडे जातात. आणि रुक्मिणीच्या लग्नाचें वऱ्हाड येथेंच मुक्कामास राहिलें, ही लोकांची आवडती व्युत्पत्ति. शेवटची सर्वांत खोटी आणि सर्वांत गोड. या एका शब्दाच्या दोन अर्थांमुळें लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगाचें नांव पहिल्यानें ऐकणारास तो वऱ्हाडचा वाटावा, आणि तो ऐन मराठवाडी बोलींतला निघावा, हीहि एक मौज. (लोणारच्या सरोवराचें वय काढण्याच्या दोन पद्धतींत बावन्न हजार आणि सुमारें पांच लक्ष सत्तर हजार वर्षें असा दहापटींहून अधिक फरक पडतो, त्यावर मामा-भाच्यांचें भांडण झालेलें आम्हीं ऐकलें नाहीं. माणूस उल्केपेक्षां नांवावरूनच तापतो.)

आतां म्हणीचा अर्थ. पहिला पक्ष म्हणतो, ही स्तुति आहे : जेथें कुऱ्हाडसुद्धां सोन्याची, तेथें इतर वैभवाची काय कथा! दुसरा म्हणतो, हा उपरोध आहे : सोनें मऊ, सोन्याच्या कुऱ्हाडीनें लांकूड फुटत नाहीं, संपत्ति आहे पण तिचा उपयोग करण्याची अक्कल नाहीं, असें बाहेरच्यांनीं वऱ्हाडी माणसाला चिडविलें. तिसरा पक्ष अलीकडचा व अधिक कडवट आहे. सोन्याची झाली म्हणून कुऱ्हाड ती कुऱ्हाडच. ती अखेर आपल्याच पायावर पडते. सोन्याची सुरी कोणी उरांत खुपसून घेत नाहीं, या म्हणीशीं तो पक्ष तिची सांगड घालतो. आमच्या मतें तिन्ही पक्ष म्हणीला तिच्या योग्यतेपेक्षां अधिक विचारवंत समजतात. कुऱ्हाड या म्हणींत आली ती यमकानें आली. 'वऱ्हाड'ला जोडणारा दुसरा घरगुती शब्द मराठींत सहज सांपडत नाहीं; सांपडला असता तर आज आपण सोन्याच्या कशाबद्दल भांडलों असतों तें देव जाणे. पण यमकानें आलेला शब्द घरांत राहिला म्हणजे त्याला हळूहळू नातीं चिकटतात. पहिला अर्थ 1860 नंतरच्या कापसाच्या भावानें बळावला असेल; तिसरा अर्थ, 2006 च्या जुलैंत केंद्र सरकारला शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें ज्या सहा जिल्ह्यांसाठीं 3,750 कोटींची मदत जाहीर करावी लागली, त्या जिल्ह्यांच्या अनुभवाचा आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा. त्या यादींत घाटावरचे आणि घाटाखालचे असा भेद नव्हता. मामा ज्या कुऱ्हाडीचा वाटा मागत होते, तिची वांटणी सरकारनें सरसकट केली.

तिसरें टोपणनांव अधिक नाजूक. 'मोगलाई' म्हणजे निजामाचा मुलूख. पण मराठींत तोच शब्द अंधाधुंदीलाहि लागतो. 'ही काय मोगलाई आहे?' असें आपण पोराला दटावतांना म्हणतों, तेव्हां कोणत्याहि जिल्ह्याचा अपमान करण्याचा आपला हेतु नसतो. मंठ्याच्या लेकीला मात्र तो भूगोल म्हणून ऐकावा कीं शिवी म्हणून, हें दर वेळीं बोलणाराच्या तोंडाकडे पाहून ठरवावें लागतें. यांतली विसंगति अशी कीं, वऱ्हाड स्वतःच दीर्घकाळ मोगलाई होतें. 1803 च्या देवगांवच्या तहानें नागपूरकर भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडचा हक्क गेला आणि वऱ्हाड निजामाकडे राहिलें; 1853 साली तें निजामानें इंग्रजांच्या हवालीं केलें; त्यानंतरहि पन्नास वर्षें त्याचें सरकारी इंग्रजी नांव हैदराबादच्या नांवानेंच सुरू होत असे. 1903 साली तें मध्यप्रांताला जोडलें गेलें, तरी 1936 साली निजामाच्या युवराजाला जी पदवी मिळाली ती 'प्रिन्स ऑफ बेरार' अशीच होती. म्हणजे लोणारकर ज्यांना मोगलाईंतले म्हणतात, त्यांच्या आणि लोणारकरांच्या पणज्यांमध्यें फरक एवढाच कीं एकांची मोगलाई 1853 त सुटली, दुसऱ्यांची 1948 त. पंचाण्णव वर्षांचें अंतर लहान नव्हे. शाळा, रस्ते, कायदा यांत तें दिसलें. पण त्या अंतराच्या जोरावर पिढ्यान् पिढ्या सून घरांत आणावी आणि तिच्या माहेराला शिवीच्या नांवानें हांक मारावी, हें आम्हांस शोभणारें वाटत नाहीं. मामा गप्प बसले, तें त्यांच्या सज्जनपणाला साजेसेंच झालें.

येथवर आमचें विवेचन ओसरीवरचें झालें. पण हीं नांवें वाङ्मयांत शिरलीं म्हणजे टीकाकारालाहि जबाबदारी येते. 'वऱ्हाडी लेखक' हें विशेषण मराठी समीक्षेंत फार सैलपणें वापरलें जातें. उद्धव शेळके यांची 'धग' (1960) वऱ्हाडी म्हणून गौरविली जाते तें योग्यच आहे. तिच्यांतल्या कौतिकच्या तोंडची बोली हें कादंबरीचें कातडें आहे, अंगरखा नव्हे. तें सोलून काढलें तर कौतिक उरणार नाहीं. परंतु या एका यशानें वाचकांची अशी समजूत झाली कीं, 'मले-तुले' आणि 'काऊन' आलें म्हणजे वऱ्हाड आलें. तसें पाहिलें तर मेहकरचे ना. घ. देशपांडे यांना कोणी वऱ्हाडी कवि म्हणत नाहीं. आयुष्य मेहकरांत वकिली करण्यांत गेलें, 'शीळ' संग्रहांतलें रान तेथलेंच, 1986 साली 'खूणगाठी'स साहित्य अकादमीचा मान मिळाला. पण भाषा सर्व महाराष्ट्राची, म्हणून ते प्रदेशाच्या यादींतून गळतात आणि प्रेमगीतांच्या यादींत जातात. घाटावरच्या माणसाची हीच तक्रार आहे. त्याच्या बोलीवर जालन्या-परभणीची छाया आहे, म्हणून अकोल्याचा माणूस त्याला आपला म्हणत नाहीं; आणि पुण्याचा माणूस त्याच्यांत विनोदी नाटकांतला वऱ्हाडी शोधतो व निराश होतो.

सदानंद देशमुख यांनीं 'बारोमास' (2002) या कादंबरींत या कोंडींतून वाट काढली, असें आमचें मत आहे. ते याच जिल्ह्याचे. 2004 साली साहित्य अकादमीनें या पुस्तकाचा गौरव केला तेव्हां बहुतेकांनीं तें शेतकऱ्याच्या हलाखीचें चित्र म्हणून वाचलें. तें तसें आहेच. पण आम्हांस त्यांत आमच्या म्हणीचें भाष्यहि दिसतें. थोरला एकनाथ शिकून बेकार आणि शेतींत अडकलेला. धाकटा मधु गुप्तधनाच्या मागें लागलेला. ज्या मातीला सोन्याची म्हणतात तींत खरोखरच सोनें पुरलेलें असेल, अशा आशेनें तो रानोमाळ हिंडतो. उपमेला कोणी शब्दशः घेतलें म्हणजे त्याचें काय होतें, हें देशमुखांनीं कोठेंहि म्हण न उच्चारतां दाखविलें आहे. कादंबरीचा पसारा कांहीं ठिकाणीं वाजवीपेक्षां जास्त झाला आहे आणि दुःखावर दुःख रचतांना लेखकाचा हात थांबत नाहीं; तरी मधूच्या त्या खणण्यांत जें आहे, तें शंभर व्युत्पत्त्यांत नाहीं. आतां कापसाचें 'पांढरें सोनें' मागें पडून घाटावर सोयाबीनचें 'पिवळें सोनें' आलें आहे. धातु तोच राहिला, रंग बदलला.

राहिलें 'विदर्भ'. हें नांव सर्वांत जुनें आणि सर्वांत नवें. रुक्मिणी-दमयंतीचें म्हणून जुनें. 1923 साली अमरावतीस विदर्भ साहित्य संघ निघाला तेव्हांपासून सुशिक्षितांच्या तोंडीं रुळूं लागलेलें, म्हणून नवें. त्यांत नागपूर, भंडारा, चांदा हे सगळेच आले, आणि घाटाचा वाद बुडाला. भाच्याला तें नांव सभेंत चालतें, घरांत चालत नाहीं, मामांना उलट. सुनेला कोणी विचारलें नाहीं.

प्रादेशिक वाङ्मयाचे संग्रह काढणाऱ्या संपादकांना आमची एक सूचना आहे. 'धग', 'बारोमास' यांतले उतारे आणि ना. घ. देशपांड्यांच्या कविता एकदां एकाच पुस्तकांत घालून पाहाव्या, आणि त्यांच्या शेजारीं मंठा-जिंतूरकडच्या लेखकांचीं चार पानें. शीर्षक काय द्यावयाचें तें लोणारच्या ओसरीवर बसून ठरवावें. मामा, भाचा आणि सून तिघेंहि हजर असलीं पाहिजेत, एवढी आमची अट आहे. आणि सुपारी मामांचीच असावी.