घोड्यासमोरचं प्यादं, एकच घर

सोळाव्या चालीला डाव बरोबरीत सुटला, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. ९ नोव्हेंबर २०१३, चेन्नई. जगज्जेतेपदाच्या लढतीतला पहिला डाव. पांढरी मोहरी मॅग्नस कार्लसनकडे, काळी विश्वनाथन आनंदकडे. मला हा डाव फार प्रिय आहे, आणि लंडनच्या मराठी माणसांनी त्याची आठवण ठेवावी याला कारणही आहे.

कार्लसनने आधी घोडा काढला, मग घोड्यासमोरचं प्यादं एकच घर सरकवलं आणि त्या जागी उंट बसवला. आनंदनेही तेच केलं. कडेने मांडणी करून कोपऱ्याजवळच्या उंटाला लांबवर मारा करू द्यायचा, ही आपली जुनी रीत. देशी बुद्धिबळात प्याद्याला पहिल्या चालीतही दोन घरांची मुभा नव्हती, त्यामुळे अशी सबुरीची मांडणी अंगवळणीच पडलेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी याच रीतीने जॉन कॉक्रेन या ब्रिटिश बॅरिस्टरशी खेळत. त्यातले डाव लंडनच्या बुद्धिबळ मासिकात छापले गेले, म्हणून आज आपल्या हाती आहेत. १८५५ मध्ये महेशचंद्रांनी ज्या मांडणीने कॉक्रेनना हरवलं, ती १९२२ पासून व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डच्या नावाने ओळखली जाते. नाव महेशचंद्रांचं लागायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. पण १९२४ मध्ये न्यूयॉर्कला कापाब्लांकाला हरवणाऱ्या रेटीसारख्यांनी परदेशात ही कला जोपासली, हे ऋण मोठं आहे.

चेन्नईला अकराव्या चालीला आनंदचा घोडा सी४ वर उतरला आणि बी२ वरचा उंट मुकाट्याने सी१ ला, मूळ घरी परतला. पुढे वजीर बी३ वरून घोड्यावर आला, तर घोडा ए५ वर जाऊन वजिरावर. वजीर ए३ ला, घोडा पुन्हा सी४ ला. पुन्हा तेच, आणि दोघांनी हात मिळवले. काळ्या मोहऱ्यांनी इतक्या लवकर पांढऱ्याची धार बोथट करणं ही मोठी करामत आहे. पुढे लढत कार्लसनने साडेसहा-साडेतीन अशी जिंकली. त्याने या डावाचं मोल घटत नाही.

मुलांना शिकवताना मी अकराव्या चालीशी थांबतो. सी४ वरच्या घोड्याला हुसकायला मुलं बी-प्यादं शोधू लागतात. ते तर दहाव्या चालीला मारामारीत सी४ वर येऊन पुढच्याच चालीला सी५ वर निघून गेलेलं असतं. घोडा तिथे एवढा निर्धास्त का बसला, ते मग त्यांचं तेच सांगतात.