एक मातीचे भांडे आणि त्याची नावे

मराठी गृहजीवनातील जुन्या वस्तू पाहू इच्छिणारा अभ्यासक पुण्यातील शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालयात जातो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ह्यांनी १९२० च्या सुमारास आरंभिलेल्या ह्या संग्रहात २०,००० हून अधिक वस्तू आहेत. राजदरबाराइतकीच प्रतिष्ठा माजघर व देवघर ह्यांना देणारी ही दृष्टी थोर होय, ह्याविषयी दुमत नसावे. तेथून जवळच तुळशीबाग व मंडई आहेत आणि सणासुदीस त्या परिसरात मातीच्या भांड्यांचा बाजार भरतो. वस्तूंचे जतन ह्या दोन स्थळी दोन भिन्न रीतींनी होते. त्या भिन्नतेचे भाषिक अंग येथे विचारात घ्यावयाचे आहे.

संक्रांतीच्या आधी कुंभाराकडून घेतलेले लहान मडके म्हणजे ‘सुगड’. त्यात हरभऱ्याचे घाटे, बोरे, उसाचे करवे, गव्हाच्या ओंब्या भरून ते वाण म्हणून दिले जाते. जवळजवळ त्याच घडणीचे भांडे लक्ष्मीपूजनास लाह्या-बत्तासे भरण्यासाठी आणले की ते ‘बोळके’ होते, आणि मुलींच्या भातुकलीतही ते बोळकेच राहते. नवरात्रात धान्य पेरलेल्या मातीवर बसते तो ‘घट’. अक्षय्य तृतीयेस पाणी भरून पितरांच्या नावे द्यावयाची ती ‘केळी’, तिच्याबरोबरचा तो ‘करा’. आकारात थोडाफार फरक असतो, परंतु नाव ठरते ते मुख्यतः त्या फरकावरून नव्हे. ते ठरते ऋतू, विधी आणि देणारा-घेणारा ह्यांच्या संबंधावरून.

ही नावे परस्परांपासून तुटलेलीही नाहीत. ‘सुगड’ हे ‘सुघट’ ह्याचे तद्भव रूप. म्हणजे पुरोहिताच्या मंत्राबरोबर आलेला तत्सम ‘घट’ आणि सुवासिनींच्या देवघेवीत झिजून मऊ झालेले ‘सुगड’ मुळात एकच. विधी कोणाच्या हाती आहे, ह्याची खूण शब्दाच्या ध्वनिरूपात उरली आहे. लग्नात करा धरणारी ती ‘करवली’, आणि दात पडलेल्या तोंडास आपण ‘बोळके’ म्हणतो. भांड्याचे नाव असे नात्यात आणि देहातही शिरते.

आता प्रदर्शनाची रीत पाहू. वस्तूजवळच्या चिठ्ठीवर सामान्यतः नाव, द्रव्य, स्थळ आणि काळ एवढे लिहिण्याचा प्रघात आहे. ह्या चौकटीत एका वस्तूस एकच नाव मिळते, आणि ते आकारावरून मिळते. मातीच्या ह्या भांड्यास ‘लहान मडके’ म्हटले तर चूक काहीच होत नाही, मात्र सांगण्याजोगे सर्व निसटते. अलीकडच्या वारसा-प्रदर्शनांत चाक फिरविणारा कुंभार प्रेक्षकांपुढे बसविला जातो. तेथे हाताचे कसब दिसते, पण ते भांडे कोणासाठी आणि कोणत्या दिवसासाठी, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही.

ह्यावरून बाजार श्रेष्ठ व संग्रहालय कनिष्ठ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. बाजार स्मरणशील असतो तो गिऱ्हाईक असेपर्यंतच. पाय घासावयाची धातूची वज्री नित्य वापरातून गेली, तिच्याबरोबर तो शब्दही बोलण्यातून गेला, आणि आज तिच्या घडणीतील वैचित्र्य पाहावयास केळकरांच्या संग्रहाचाच आधार आहे. उलट सुगड साच्यातून निघो की चाकावरून, संक्रांत आहे तोवर त्याचे नाव टिकेल. ज्या दिवशी घाटे-बोरांचे वाण थांबेल, त्या दिवशी ते नुसते मडके होईल, आणि मग संग्रहालयातही त्यास ‘सुगड’ म्हणून ओळखणारा उरणार नाही.

म्हणून संग्राहकाने वस्तू घेताना तिच्याबरोबर तिचे वाक्यही घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. कोणी, कोणास, कोणत्या दिवशी, कोणत्या नावाने ती मागितली, एवढे टिपून ठेवले तरी पुरे. हे टिपण कसबा पेठेतील कुंभारवाड्यात किंवा मुंढव्याजवळच्या केशवनगरात आजही करता येते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे. त्यासाठी कोशापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडेल.