‘पुनःस्थापन’ : एक अर्थविचार

तैलगळतीविषयक लेखनात किनाऱ्याची ‘स्वच्छता’ व ‘पुनःस्थापन’ हे शब्द समानार्थी म्हणून योजिले जातात. हा केवळ शब्ददोष नव्हे. १९६७ मध्ये ‘टॉरी कॅन्यन’ हे तैलवाहू जहाज कॉर्नवॉलनजीक फुटले. तेल धुण्यासाठी फवारलेल्या विषारी द्रावणांनी लिंपेट हे शेवाळभक्षक शंखप्राणी मारले गेले आणि खडकांवर शेवाळ माजले. न फवारलेला किनारा २-३ वर्षांत सावरला; अतिशय फवारलेल्या किनाऱ्यास १० वर्षांहून अधिक काळ लागला. म्हणजे किनारा स्वच्छ झाला, पूर्ववत् झाला नाही. ‘पुनःस्थापन’ या शब्दात सर्व कर्तृत्व मनुष्याकडे जाते. याउलट मराठीतील ‘सावरणे’ हे क्रियापद उभयविध आहे: मनुष्य किनाऱ्यास सावरतो, आणि किनारा आपणहूनही सावरतो. दुसऱ्या क्रियेस वाव देणे, हेच पहिलीचे प्रयोजन होय.