साध्वीचें असत्य

व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल' (१८६२) या कादंबरीविषयीं बोलणें निघालें, कीं बिशप मिरिएलचा प्रसंग हटकून सांगितला जातो. चांदीचीं भांडीं चोरून पळालेल्या झां वालझांला शिपाई धरून आणतात. हीं आपणच त्याला दिलीं होतीं असें सांगून बिशप त्याला सोडवितो, आणि वर दोन शमादानेंहि देतो. प्रसंग हृद्य आहे खरा. पण ख्रिस्ती नीतीचा अवघड पेंच त्यांत नाहीं. शिपाई येण्यापूर्वींच, तीं भांडीं मुळांत गोरगरिबांचीं होतीं व आपण तीं उगाच ठेवून घेतलीं होतीं, असें बिशपनें स्वतःशीं ठरविलेलें असतें. त्याच्या शब्दांना तेवढा तरी आधार आहे. सिंप्लिस या साध्वीच्या असत्याला असा कसलाच आधार नाहीं, आणि म्हणूनच मला तो प्रसंग अधिक मोलाचा वाटतो.

ती जन्मांत कधीं खोटें बोललेली नाहीं, हेंच ह्यूगोनें तिचें मुख्य लक्षण सांगितलें आहे. तिनें घेतलेलें नांवहि सिसिलींतील एका संतस्त्रीचें. जन्मगांवाविषयीं खोटें सांगण्यापेक्षां त्या स्त्रीनें देहाचे हाल पत्करले. कैदेंतून निसटलेल्या वालझांचा माग काढीत पोलीस अधिकारी झाव्हेर तेथें येतो. वालझां दाराआडच्या कोपऱ्यांत उभा. साध्वी गुडघे टेकून प्रार्थना करीत असलेली. धर्मपीठापुढें मान तुकविणारा झाव्हेर परत फिरणारच, पण विचारणें कर्तव्य म्हणून विचारतो: खोलींत आपण एकट्याच आहां काय? वालझांला पाहिलें काय? दोन्ही उत्तरें ती खोटीं देते.

यावर जुना ख्रिस्ती आक्षेप तयार आहे. संत ऑगस्टिनाच्या मतें असत्य कोणत्याहि कारणानें क्षम्य नाहीं. थागास्तेचा बिशप फर्मस यानें एका आश्रिताला दडविलें होतें. मी खोटें बोलणार नाहीं आणि माणूसहि दाखविणार नाहीं, असें त्यानें राजपुरुषांना साफ सांगितलें व हाल सोसले. ऑगस्टिन त्याचा गौरव करतो. उत्तर तेजस्वी आहे यांत शंका नाहीं. पण सिंप्लिसला तें उपलब्ध नव्हतें. तिचें मौन हीच कबुली ठरली असती, आणि हाल तिचे नव्हे, वालझांचे व फांतीनच्या पोरक्या मुलीचे झाले असते.

आपल्या वाचकाला येथें कर्णपर्वांतील कौशिक आठवेल. भयानें लपलेल्या माणसांची वाट चोरांना खरीखरी सांगून तो सत्यवादी ब्राह्मण नरकास गेला. परंतु ती कथा सांगणारा श्रीकृष्ण अशा वेळच्या असत्याला दोषमुक्त करतो. सिंप्लिसला असा सोडविणारा कोणी नाहीं, आणि ती स्वतःहि कसली मीमांसा करीत बसत नाहीं. बिशपची चांदी गेली. हिची जन्मभराची एकुलती एक ठेव गेली.

एवढें साधल्यावर ह्यूगोला मात्र राहवत नाहीं. तो मध्येंच पुढें येऊन, हें असत्य तिला स्वर्गांत पुण्य म्हणून जमा होवो, असा आशीर्वाद देतो. ही घाई मला खटकते. आपण पापच करीत आहों असें समजून ती बोलली असेल, हा विचार वाचकाच्या मनांत रुजण्यापूर्वींच लेखक निकाल देऊन मोकळा होतो. झाव्हेरचें चित्र त्यापेक्षां कितीतरी सरस उतरलें आहे. साध्वीच्या शब्दावर विसंबून तो निघून जातो. मेजावर नुकतीच विझविलेली मेणबत्ती अजून धुमसत आहे, इकडे त्याचें लक्षहि जात नाहीं.